कासव आटलं त्या वर्षी

मी एक जुनी मोजपट्टी आहे. कंपासपेटीत असते ती ताठ मानेची पट्टी नव्हे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, ती कापडी. शिंपी मला टेप म्हणायचा आणि शाळेतही माझं तेच नाव पडलं, पण मोजपट्टी म्हटलं की जरा भारदस्त वाटतं. रंगाने मी पिवळी होते, आता कोणत्या रंगाची आहे ते तुम्हीच ठरवा. लांबी दीडशे सेंटिमीटर. निदान माझ्या अंगावर तरी तसंच छापलेलं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कापडाची अरुंद फीत, तिच्यावर रंगाचा लेप, त्यावर काळे आकडे आणि दोन टोकांना पितळेच्या दोन टोप्या, एवढाच माझा संसार. पण जन्मतःच अंगावर आकडे असले की डोक्यात थोडी हवा जाते. जग मोजून घ्यायला उभं आहे आणि आपण त्याला माप सांगायचं, अशी माझी समजूत झाली. ती बरीच वर्षं कुणी दुरुस्त केली नाही.

शिंप्याच्या दुकानात माझी उमेदीची वर्षं गेली. कोट असो की गणवेश, आधी माझी मिठी, मग कात्री. श्वास ओढून पोट आत घेणारी किती माणसं मी पाहिली म्हणून सांगू! त्यांचं खरं माप मी शिंप्याला सांगायचे आणि बाहेर ताकास तूर लागू द्यायचे नाही. कपडा बसला की गिऱ्हाईक आरशात वळून वळून बघायचं आणि शिंप्याची पाठ थोपटायचं. माझी कुणी थोपटली नाही. पण रात्री दुकान बंद करताना शिंपी मला अलगद गुंडाळून खिशात ठेवायचा, तेव्हा बरं वाटायचं.

मग एक दिवस त्याच्या गळ्यात नवी टेप आली आणि मी सुताच्या रिळांमध्ये जाऊन पडले. फार वाईट वाटलं मला. तिथे मी किती काळ होते कुणास ठाऊक. एकदा एक बाई प्रयोगशाळेत घालायचा पांढरा कोट शिवायला आल्या. त्या जवळच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या.

मापं देता देता त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे एखादी जास्तीची टेप आहे का हो? मुलांना जिराफाची पावलं मोजायला हवी आहे."

शिंप्याने आजवर शेकडो गिऱ्हाइकं पाहिली होती, पण जिराफाचं नाव ऐकून त्याच्या बोटात सुई शिरली. बोट चोखतच त्याने मला शोधून काढलं आणि म्हणाला, "घेऊन जा बाई. पण जिराफाचा कोट मात्र मी शिवणार नाही, आधीच सांगतो."

अशी मी शाळेत दाखल झाले.

त्या शाळेत बाईंनी आणि बीजगणिताच्या सरांनी मिळून एक वेगळाच घाट घातला होता. महिन्यातून एकदा दोघांचे तास जोडून घ्यायचे आणि नववीचा वर्ग घेऊन थेट प्राणिसंग्रहालय गाठायचं. प्राणी बाईंचे, समीकरणं सरांची. सर उंच, किडकिडीत आणि तोंडाचे फटकळ. बाई ठेंगण्या आणि कायम कशाला तरी खुदकन हसणाऱ्या. दोघांचं एकमेकांशिवाय पान हलायचं नाही आणि एकमेकांशी पटायचंही नाही.

पहिल्याच फेरीला काय झालं ते ऐका. एका मोठ्या कुंपणात हरणं आणि करकोचे एकत्र ठेवले होते. सरांनी मुलांना सांगितलं, फक्त डोकी मोजा आणि पाय मोजा, कोण किती ते बीजगणित सांगेल. मुलांनी मोजलं. डोकी वीस, पाय पंचावन्न. समीकरणं मांडली, सोडवली, आणि उत्तर आलं साडेसात हरणं. सर भडकले. "अर्धं हरीण कुठे ठेवलंय, दाखवा मला! पाय मोजता येत नाहीत तुम्हाला?" मुलं बिचारी पुन्हा मोजायला लागली. बाई मात्र कुंपणाला टेकून हसत होत्या. त्यांनी नुसतं बोट दाखवलं. कोपऱ्यात एक करकोचा एक पाय पोटाशी घेऊन निवांत उभा होता. मग पाय झाले छप्पन्न आणि हरणं झाली आठ. पक्षी एक पाय वर का घेतो, उघड्या पायातून अंगातली ऊब कशी निघून जाते, हे बाईंनी तिथेच शिकवलं. सर त्या दिवशी बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसले होते.

मला ते दिवस फार आवडायचे. शिंप्याकडे मी सगळ्यांना एकाच नजरेने बघायचे, कंबर, छाती, बाही. इथे मात्र दर फेरीला नवल. चालताना जिराफाचं पाऊल केवढं पडतं, बगळ्याचा पाय त्याच्या मानेच्या मानाने किती, सगळं मला विचारून ठरायचं.

माझं सर्वात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे कासव. चांगलं थोरलं, जमिनीवर राहणारं. त्याची देखभाल करणारे काका त्याला 'साहेब' म्हणायचे, कारण ते कुणी बोलावलं तरी आपल्याच वेळेने यायचं. काका पुढे पाला धरायचे, साहेब मान लांब करून चरायला लागायचे, आणि तेवढ्यात मुलांनी मला त्यांच्या मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून टाकायचं. दर वर्षी एकदा हे माप व्हायचं. पहिल्या वर्षी अठ्ठ्याण्णव भरलं, दुसऱ्या वर्षी नव्व्याण्णव, तिसऱ्या वर्षी बरोबर शंभर. सरांनी ते बिंदू एका मोठ्या कागदावर मांडून त्यांच्यातून सरळ रेषा ओढली आणि बाईंपुढे धरली.

"बघा, तुमचं कासव माझं ऐकतं. पुढच्या वर्षी एकशे एक."

"तुमच्या रेषेवर सोडलं तर साहेब एक दिवस हत्तीएवढे होतील," बाई म्हणाल्या. "जिवंत प्राणी आहे सर. वाढ मंदावते, थांबते."

"थांबेल तेव्हा बघू."

त्याच कागदावर मुलांनी आणखी दोन मापं गंमत म्हणून लिहून ठेवली होती. साहेबांची पाणी प्यायची दगडी कुंडी पन्नास, आणि कुंपणाबाहेरचा सिमेंटचा बाक दीडशे. बाक आणि मी अगदी सारख्या लांबीचे! मला त्यावर निजवलं तर माझ्या दोन्ही टोप्या त्याच्या दोन्ही कडांना टेकायच्या. कुणीतरी कागदावर बाकावर झोपलेल्या टेपचं चित्रही काढलं होतं. त्या चित्राचा मला फार अभिमान होता.

त्या वर्षाच्या शेवटी मी प्रयोगशाळेतल्या माशांच्या टाकीत पडले. बाईंनी मला काढलं आणि ओलीच खिळ्याला टांगलं. आता त्यांची एक सवय सांगायला हवी. कपाटाच्या किल्ल्या आणि मी, दोघी त्यांना कधी वेळेवर सापडायचो नाही. म्हणून त्यांनी एका दगडात दोन पक्षी मारले. किल्ल्यांचा भलामोठा जुडगा माझ्याच खालच्या टोकाला बांधून टाकला आणि स्वतःवर खूश होऊन गेल्या. मलाही दागिना घातल्यासारखं वाटलं. मग मोठी सुट्टी लागली आणि मी तशीच लोंबत राहिले.

सुट्टी संपली, नवा वर्ग आला. त्यात एक मुलगी होती. तिला कुणी काहीही सांगितलं तरी ती डोळे मोठे करून विचारायची, "खरंच का?" त्यामुळे सगळे तिला 'खरंचका' म्हणूनच हाक मारायचे. जीवशास्त्रात ती बरी होती. बीजगणिताचं मात्र तिच्याशी वाकडं होतं. फळ्यावरचा 'क्ष' तिला कधी भेटलाच नव्हता. तो पहिल्यांदा भेटला तो हरणांच्या कुंपणाशी. त्याला चार पाय आहेत हे दिसल्यावर तिने समीकरण सोडवलं आणि आनंदाने टुणकन उडी मारली. मी तिच्या हातात होते, म्हणून माझीही उडी झाली. दर महिन्याच्या फेरीची ती दिवस मोजून वाट पाहायची.

पण फळ्यावर परत आल्यावर तो क्ष तिला पुन्हा ओळख दाखवेना. चाचणीत ती नापास झाली. सरांनी तिला बोलावून सांगितलं, "या वेळी साहेबांचं माप तू घ्यायचंस आणि बिंदू तूच मांडायचा. नीट आलं तर ठीक. नाहीतर यापुढे वर्ग फेरीला जाईल आणि तू शाळेत बसून उदाहरणं सोडवशील."

तिने मान हलवली.

तो दिवस मला अजून आठवतो. काकांनी पाला धरला, साहेबांनी मान बाहेर काढली. खरंचकाने माझी एक टोपी मानेजवळच्या कडेला लावली आणि मैत्रिणीने दुसरं टोक शेपटीकडे नेलं. सत्त्याण्णव!

तिने पुन्हा मोजलं. सत्त्याण्णव. माझ्यावरची पकड बदलली, गुडघे टेकून तिसऱ्यांदा मोजलं. सत्त्याण्णवच.

"वेडी आहेस का?" मैत्रीण कुजबुजली. "एकशे एक लिही ना. सरांनीच सांगितलंय एकशे एक येणार म्हणून. कोण बघतंय?"

"पण सत्त्याण्णव येतंय गं."

"मग येऊ दे. लिहायला काय जातंय?"

मी तिच्या मुठीत होते. तळहाताला घाम आला होता तिच्या. एकशे एक लिहिलं की प्रश्न मिटला, फेऱ्या वाचल्या, सर खूश. हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिने पेन्सिल टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली, आणि सत्त्याण्णव लिहिलं. मला तिचं फार कौतुक वाटलं. कासव आटलंय याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. माझ्या अंगावर आकडे छापलेले आहेत, ते कसे चुकतील?

सरांनी तो आकडा पाहिला आणि त्यांचा पारा चढला.

"कासव काय धुवायला टाकलं होतं, आटायला?"

सगळा वर्ग हसला.

"तीनदा मोजलं सर. कदाचित ते हललं असेल, किंवा..."

"नाचता येईना अंगण वाकडं!" सर म्हणाले. "पुढच्या फेरीला तू शाळेत. डबा खाऊन घ्या सगळ्यांनी, मग निघायचंय."

काका वेगळ्याच काळजीत पडले. साहेबांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "खातात तर नीट हो. आजारी-बिजारी नाहीत ना?"

मुलं डबे उघडायला गेली. खरंचका मात्र बाईंकडे गेली. डोळे भरले होते, तरी प्रश्न सुटला नव्हता. "बाई, कासव आटतं का?"

"नाही गं. कवच म्हणजे काही अंगरखा नाही. त्याचा कणा आणि बरगड्याच त्यात जोडलेल्या असतात. हाडांचं घर आहे ते. आत कासव वाळेल, पण घर लहान नाही होणार."

"खरंच का?"

"खरंच."

"पण मी खरंच तीनदा मोजलं."

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. हसल्या नाहीत. "मग तुझंही खरं आणि माझंही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं कधी असू शकेल, ते शोध. निघायला अजून थोडा वेळ आहे."

खरंचका त्या सिमेंटच्या बाकाजवळ येऊन खाली बसली. डबा उघडलाच नाही. मला उगाचच बाकावर सरळ पसरलं आणि बघत राहिली. आणि मित्रांनो, मी चरकले. माझी एक टोपी बाकाच्या कडेला होती, पण दुसरी कड आली तरी मी संपले नव्हते! माझी शेपटी बाकाखाली लोंबत होती. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? बाकही आटला! सगळं जगच आटत चाललंय की काय, म्हणून माझी पाचावर धारण बसली.

खरंचकाने मात्र सरांचा तो मोठा कागद उलगडला. झोपलेल्या टेपचं चित्र बघितलं. मग बाकाच्या कडेवरचा माझा आकडा वाचला. एकशे चव्वेचाळीस.

"बाक तर जिवंतसुद्धा नाही," ती पुटपुटली.

ती उठली ती थेट काकांकडे धावली. "काका, कुंडी मोजू?" कुंडी भरली अठ्ठेचाळीस. ती जमिनीवरच पालथी पडली आणि कागदाच्या मागच्या बाजूला आकडे मांडायला लागली. पन्नासचे अठ्ठेचाळीस, दोन कमी. दीडशेचे एकशे चव्वेचाळीस, सहा कमी. कधी दोन, कधी सहा! तिने डोकं खाजवलं. मग भागून बघितलं आणि एकदम थांबली. दोन्हीकडे पंचविसाला चोवीस पडत होते. कुंडीत पंचविसाला एक कमी, बाकातही पंचविसाला एक कमी. जितकी वस्तू मोठी, तितकी तूट मोठी.

तिने बिंदू मांडले आणि पट्टी लावली. रेषा सरळ शून्यातून निघाली. मग श्वास रोखून तिने साहेबांचे सत्त्याण्णव घेतले, पंचविसाने गुणले, चोविसाने भागले. उत्तर आलं एकशे एक आणि वर किंचितसं.

"खरंच का?" ती स्वतःलाच म्हणाली.

सर डबा खात होते. तिने तो कागद त्यांच्यासमोर धरला आणि धाप टाकत म्हणाली, "सर, कासव आटलं नाही. टेप लांबली. कमी पडलेलं सगळं एकाच रेषेत बसतंय बघा."

सरांचा घास हातातच राहिला. त्यांनी रेषा पाहिली, पुन्हा पाहिली. मग खिशातली स्टीलची छोटी पट्टी काढून माझ्या अंगाला लावली. तिचे पंधरा संपले तरी माझे पंधरा अजून आलेच नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर जगाला माप सांगितलं, आणि माझंच माप कुणी घेतलं नव्हतं.

"लांबली कशी पण?" सरांनी विचारलं.

बाईंचा चेहरा लाल झाला. "किल्ल्या," त्या म्हणाल्या. "माझ्या किल्ल्या. ओल्या टेपला टांगून सुट्टीभर... अगं बाई!" आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागल्या.

सर हसले नाहीत. त्यांनी सगळ्या वर्गाला जवळ बोलावलं. "या वेळी अंगणच वाकडं होतं," ते म्हणाले. "आणि मी ते बघितलं नाही. हात चुकला असता तर चुका इकडेतिकडे पडल्या असत्या, अशा शिस्तीत रांगेला लागल्या नसत्या. मी शंका टेपवर घेतली नाही, हिच्यावर घेतली. ही नापास झाली होती ना, म्हणून हिचं उत्तर चुकलेलंच असणार असं धरून बसलो. हिने माझ्या मनातलं एकशे एक लिहिलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं, मी शाबासकी दिली असती, आणि आपल्याला कुणालाच काही कळलं नसतं. चुकलो मी."

खरंचकाला यातलं किती ऐकू गेलं देव जाणे. तिने एवढंच विचारलं, "मग मी पुढच्या फेरीला येऊ ना सर?"

"तू नाही आलीस तर मोजणार कोण?" सर म्हणाले आणि स्वतःचा डबा तिच्यापुढे सरकवला. काकांनी साहेबांच्या पाठीवर एक थाप मारली. "बघा साहेब, वाढलात की!"

त्याला आता बरीच वर्षं झाली. खरंचका शाळा संपवून कधीच गेली. माझ्या जागी न ताणली जाणारी नवी टेप आली. मोजायचं काम ती करते, मी एका चपट्या डब्यात झोपलेली असते. किल्ल्यांसाठी बाईंनी वेगळा खिळा ठोकला आहे. वर्षभर कुणी माझी आठवण काढत नाही, आणि सुरुवातीला मला त्याचं दुःखही व्हायचं. पण दर वर्षी पहिल्या फेरीला मला बरोबर नेतात. सर नव्या वर्गाला काही न सांगता मला बाकावर पसरतात आणि विचारतात, आटलंय कोण? मुलं आधी बाकाला नावं ठेवतात. मग एखादं पोर वाकून माझी लोंबती शेपटी हातात घेतं, आणि मला कळतं, आता याला दिसलं.

मागच्या वर्षी एका मुलाने विचारलं, "सर, ही चुकीची टेप अजून का ठेवलीय?"

सर म्हणाले, "चुकीची कशी? किती चुकते ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. ज्याचं ठाऊक नसतं, त्याची भीती."

आणि एक गंमत सांगायची राहिलीच. अलीकडे साहेबांची रेषा खरोखरच वाकायला लागली आहे. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा सर कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी आधी नवी टेप बाकावर टाकली. टोप्या दोन्ही कडांना बरोबर टेकल्या. मग त्यांनी बाईंपुढे हात जोडले. "जिंकलात. कासव माझं ऐकेनासं झालंय." बाई इतक्या हसल्या की साहेबांनी मान आत ओढून घेतली.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. ज्या वस्तूने तुम्ही जग मोजता, तिच्या गळ्यात किल्ल्या अडकवू नका. आणि पुढे कधी तुम्हाला कुणाचं उत्तर चुकलेलं वाटलं, समोर उभ्या असलेल्या मुलीचे डोळे भरलेले दिसले, तर रागवायच्या आधी एवढं करा. मला बाकावर टाका आणि माझी शेपटी लोंबते का ते बघा.